आठ हजार ठिपक्यांचा खेळ

मुलगा मोबाइल सोडत नाही, ही तक्रार पालकसभेत इतक्यांदा ऐकली आहे की समोरच्या अम्मीने तोंड उघडण्याआधीच कळते. हिसकावून घेतला तर घरात आदळआपट, दिला तर अभ्यासाचे तीन तेरा. माझा सल्ला थोडा उलटा आहे. ज्याला खेळायचेच आहे, त्याच्याकडून खेळाचे यंत्रच बनवून घ्या.

हे वाटते तितके अवघड नाही. १९८९ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने गेम बॉय आणला, तेव्हा त्याचा पडदा रंगीतसुद्धा नव्हता. तो बनवणाऱ्यांतले प्रमुख गुनपेई योकोई यांचे मत असे, की जुने होऊन स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्यातून नवी कल्पना काढावी. सेगाच्या रंगीत गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले. लोकांनी कोणता उचलून धरला, हे सांगायला नकोच.

घरच्या यंत्राला लागते काय? आर्डुइनो नॅनो नावाची बोटभर पट्टी, एक इंचाहून लहान ओएलईडी पडदा, पाच-सहा बटणे, एक बझर आणि तीन पेन्सिल सेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळे हजार रुपयांच्या आत मिळते. लिथियमचे सुटे सेल मात्र मुलांच्या हाती देऊ नका, ते भडकू शकतात. आधी सगळी जोडणी ब्रेडबोर्डवर करावी. सोल्डरिंग नंतर, तेही मोठे माणूस शेजारी असताना. शेजारी म्हणजे शेजारीच. काही अब्बा उत्साहाच्या भरात सगळे स्वतःच जोडून टाकतात आणि मुलगा बघत बसतो.

खरा अभ्यास पुढे आहे. पडदा १२८ ठिपके रुंद, ६४ ठिपके उंच, म्हणजे एकूण ८१९२. आठ ठिपक्यांची एक बाइट, म्हणून पडद्यावरचे एक चित्र १०२४ बाइट खाते. नॅनोची कामाची मेमरी आहे अवघी २०४८. पगारातला निम्मा हिस्सा भाड्यातच गेला, आता उरलेल्यात घर चालवा! खेळाडू, अडथळे, गुण, सगळे त्यातच बसवायचे. बटणाचीही एक गंमत आहे. एकदा दाबले तरी आतला पत्रा काही क्षण थरथरतो आणि यंत्राला ते चार-पाच वेळा दाबल्यासारखे वाटते. म्हणून पहिल्या स्पर्शानंतर वीसेक मिलिसेकंद थांबायला त्याला शिकवावे लागते.

आमच्या नववीतल्या एका मुलीने असे यंत्र बनवले. घरात फोन एकच, आणि तो कायम भाईजानच्या हातात. वरून पडणारे थेंब बादलीत झेलायचे, असा तिचा खेळ. तो संपला की पडद्यावर इंग्रजीऐवजी उर्दूत ‘खत्म’ दिसावे, असे तिला वाटे. पण तिने वापरलेली तयार अक्षरे डावीकडून उजवीकडे, सुटी सुटी उमटणारी. उर्दूला जोड हवा. मग ग्राफच्या कागदावर सोळा चौकोन उंचीत खे, ते आणि मीम जोडून काढायचे ठरले. नस्तालीक तिरकी उतरत जाते, एवढ्याशा उंचीत ती मावेना. नस्खमध्ये जमले. मराठी त्या मानाने सोपी, शिरोरेषा म्हणजे ठिपक्यांची सरळ ओळ. पण वेलांटी आणि रफार जागा मागतात.

तिच्या अम्मीने चौथीतच शाळा सोडलेली, संगणकाला कधी हात लावलेला नाही. पण कुरआन त्या रोज वाचतात. कागद पाहताच म्हणाल्या, ‘‘खेचा नुक्ता पुढे सरकलाय, ते च्या डोक्यावर जातोय.’’ लेकीने दोन चौकोन खोडले आणि नुक्ता जागेवर आणला.

अब्बांची अट होती, पुढच्या वर्षी दहावी आहे, तेव्हा हे फक्त रविवारी, गृहपाठानंतर. ती तिने पाळली. आता भाईजान फोन बाजूला ठेवून तिच्याकडे यंत्र मागतो. ती देते, पण आधी त्याने पुढच्या खेळाचे एक चित्र ग्राफवर काढून द्यायचे.