गोधडी, दिवा आणि उरलेली चाळीस पानं

पौषातली रात्र, पाय गोधडीत, पुस्तकाची शेवटची चाळीस पानं उरलेली. अशा वेळी दिवा मालवायला हात धजत नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडाने कित्येक पिढ्या अशाच जागवल्या. समीक्षेने मात्र त्यांना पंगतीबाहेरच बसवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

रहस्यकथेचं परीक्षण सोपं नाही. खुनी कोण ते न फोडता कारागिरी दाखवायची! अगाथा ख्रिस्तीची १९२६ सालची ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिलीने खुणा करत गेलो. धागे सुरुवातीपासून डोळ्यांसमोरच होते. या अंकातल्या परीक्षणांनी असेच धागे हेरले आहेत. शेवट तुमच्यासाठी राखून ठेवला आहे.