अजिंठ्याचे आठ आणे

जुन्या वस्तूंचा संग्रह सुरू करताना दुर्मीळ, महागड्या नगांमागे धावण्यापेक्षा आपल्या मुलखापासून सुरुवात करावी. मराठवाड्यातल्या धावड्यासारख्या गावातल्या हौशी माणसासाठी निजामाच्या हैदराबाद संस्थानाची टपाल तिकिटे त्या दृष्टीने उत्तम. १९३१च्या मालिकेत आठ आण्यांच्या तिकिटावर जवळच्याच अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार आहे, एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार. आणि किंमत उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी-तेलुगूतही! कोरे तिकीट देखणे खरे, पण वापरलेले अधिक बोलते: शिक्क्यात गाव आणि तारीख वाचता आली, तर पत्र कुठून कधी निघाले ते कळते. म्हणूनच जुन्या पाकिटावरचे तिकीट भिजवून सोडवू नये, पाकीट तसेच ठेवावे. कोणी म्हणेल, रझाकारांचा जाच सोसलेल्या मराठवाड्याने निजामाच्या खुणा का जपायच्या? तिकीट निजामाचे असले तरी पत्र रयतेचे होते; सुखदुःखाचे निरोप त्यातूनच गेले. ते फेकले तर आपल्याच माणसांचा पुरावा जातो. बनावट नगांची भीती मात्र रास्त आहे. त्यासाठी आधी स्वस्त, सर्रास मिळणारी तिकिटे घ्यावीत आणि कागद, छिद्रे, छपाई भिंगाखाली न्याहाळून नजर तयार करावी; महाग खरेदी त्यानंतर.