रजिस्टर पत्राची पोच

२०२५ मध्ये डाक खात्याने रजिस्टर पत्राची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन केली. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा अखेरची तार करावयास लोकांनी रांगा लावल्या होत्या. वस्तुतः अधिक काळजी करावी असा बदल हा दुसरा होय.

तारेचा गुण वेगाचा. त्या बाबतीत टेलिफोनने तिला केव्हाच मागे टाकले होते. रजिस्टरचा गुण निराळा. ज्याच्या नावाचे पत्र त्याच्याच हाती ते पडावयाचे. स्पीड पोस्ट पत्त्यावर पोचते; दारात जो भेटेल त्याने सही केली तरी चालते. योग्य पत्ता घालून, हशील भरून रजिस्टरने धाडलेला कागद पोचलाच असे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे २७ वे कलम गृहीत धरते, ते त्या शिस्तीच्या भरवशावर. बडतर्फी, घर रिकामे करणे, कर्जाची थकबाकी. सामान्य माणसाच्या आयुष्यातील कटू कागद याच वाटेने येतात.

ऑक्टोबर २०२५ पासून पाच रुपये (कर वेगळा) अधिक भरल्यास स्पीड पोस्टालाही ‘रजिस्ट्रेशन’ जोडता येते, हे मान्य. परंतु जो सेवेचा धर्मच होता तो आता ऐच्छिक झाला. पाच रुपये वाचविणार नोटीस धाडणारा. परिणाम भोगणार ती न मिळालेला. खासगी पत्रे मोबाइलवर गेली, ती परतणार नाहीत. टपालाकडे उरले ते हे पुराव्याचे काम. निदान कायद्याने बजावावयाच्या नोटिसांना तरी ही जोड सक्तीची करावी. धाडणाऱ्या कचेरीस तेवढा बोजा जड नाही.