तासाचा हिशेब आधी, यंत्र मागून



ऊस लागवडीची नोंद घेण्यासाठी आम्ही शिवारात फिरतो, तेव्हा आजकाल एक प्रश्न बांधाबांधावर कानी येतो. “साहेब, खत भरायला माणूस मिळत नाही. ते छोटं लोडर घेऊन टाकावं म्हणतो. तुमचं काय मत?” प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. शेणखताची ट्रॉली भरायला चार गडी गोळा करता करता सकाळ उलटते, हे आम्ही रोज पाहतो. म्हणून आमचे मत येथे सविस्तर मांडीत आहोत.

छोटे लोडर म्हणजे स्किड स्टीअर लोडर. आपल्याकडे कोणत्याही कंपनीचे असले तरी त्याला सर्रास ‘बॉबकॅट’ म्हणतात. याचा जन्म शेतातलाच आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात केलर बंधू नावाच्या दोघा कारागिरांनी १९५७ साली एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी, पक्ष्यांच्या शेडमधील घाण काढण्याकरिता, अशा यंत्राचा पहिला नमुना तयार केला. अडचणीच्या जागेत शिरणे आणि जागच्या जागी वळणे हा त्याचा मूळ गुण. एका बाजूची चाके थांबवून किंवा उलटी फिरवून ते वळते. म्हणून गोठा, पोल्ट्री शेड, गोदाम येथे त्याच्यासारखे दुसरे यंत्र नाही. पण याच गुणात त्याचा दोषही आहे. वळताना चाके घासतात. फरशीवर टायर लवकर झिजतात, आणि ओल्या काळ्या रानात ते जमीन चिघळवून टाकते. पावसानंतर वापसा नसताना ते रानात घालू नये. ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून घ्याव्यात, हे सांगायला नको.

तुलना करताना नाव आणि रंग पाहू नये, काम पाहावे. चारी खोदणे, झाडाचे खोड उपटणे, बांध घालणे ही कामे जेसीबीची. तेथे छोटे लोडर लावणे म्हणजे सुईने नांगरणी करणे. उलट खताच्या उकिरड्यावरून ट्रॉली भरायला जेसीबी बोलावला तर काम होते, पण अरुंद वाड्यात तो वळत नाही. तिसरा मार्ग पुष्कळजण विसरतात. घरच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसविता येतो. वेग कमी, वळायला जागा जास्त. पण इंजिन घरचेच असल्याने खर्च बराच कमी. मात्र मागे पुरेसे वजन बांधल्याशिवाय तो चालवू नये.

आता मुख्य मुद्दा हिशेबाचा. लागवडीच्या उसाला एकरी आठ ते दहा टन शेणखत धरा. तीन एकर लागवड असणाऱ्या सभासदाला जास्तीत जास्त तीस टन, म्हणजे तीन टनी दहा ट्रॉल्या. लोडरच्या एका बकेटमध्ये दोन-अडीचशे किलो खत येते. बारा ते पंधरा बकेटांत ट्रॉली भरते. वीस मिनिटे धरली तरी दहा ट्रॉल्यांचे काम साडेतीन तासांच्या आत संपते. वर्षाचे काम साडेतीन तास! बाकीचे दिवस यंत्र दारात उभे राहणार आणि हप्ता मात्र चालू राहणार.

समजा यंत्र वीस लाखांचे आहे आणि दहा वर्षांनी पाच लाखांना विकले. घसारा वर्षाला दीड लाख. सरासरी गुंतलेल्या साडेबारा लाखांवर दहा टक्क्यांनी व्याज सव्वा लाख. विमा व दुरुस्ती पाऊण लाख. चालकाचा पगार महिना पंधरा हजार धरला तर एक लाख ऐंशी हजार. एकूण पाच लाख तीस हजार रुपये, यंत्र हलो वा न हलो. शिवाय डिझेल, तेल, टायर मिळून तासाला सहाशे रुपये धरू. भाडे तासाला बाराशे असेल, तर वर्षाला सुमारे ८८० तास काम मिळाले तरच मालकाची तोंडमिळवणी. आठ तासांचा दिवस धरला तर पूर्ण ११० दिवस. दर आपापल्या गावचे घाला, पण हिशेब याच रीतीने करा. तीन एकरवाल्याला भाड्याने तेच काम चार-सव्वाचार हजारांत होते.

“भाड्याने देऊ की गावात,” असे तरुण मंडळी म्हणतात. अवश्य द्यावे. पण गावात आधीच दोन यंत्रे असताना तिसरे आले की तिघांचेही तास कमी होतात, दर पडतात, आणि हप्ता उसाच्या बिलातून जातो. उसाचे बिल हे खत, बियाणे आणि मुलांच्या शिक्षणासाठी आहे. उभ्या यंत्रासाठी नव्हे.

मग उपाय काय? आमचे स्पष्ट मत असे की, हे यंत्र एकट्याने घेण्याचे नाही, गटाने घेण्याचे आहे. वरच्या हिशेबाने तीन एकर लागवडीचे सुमारे अडीचशे सभासद एकत्र आले तर यंत्राचा वर्षाचा खर्च निघतो. सहकारी सोसायटीने किंवा शेतकरी गटाने यंत्र घ्यावे आणि पाळीने द्यावे. “सगळ्यांना एकाच वेळी लागेल, भांडणे होतील,” अशी शंका काढली जाते. ती अगदीच खोटी नाही. परंतु आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू अशा तीन लागवडी आपल्याकडे आहेत. आडसालीचे खत पावसाआधी मे-जूनमध्येच बांधावर नेऊन ठेवता येते. एप्रिल व ऑक्टोबर छाटणीच्या आगेमागे द्राक्ष बागाईतदारांचेही काम असते. कारखान्याची मळी उचलण्याचे आहेच. शंभर टन उसामागे साधारण तीन-चार टन मळी निघते, आणि ती फावड्याने भरणे म्हणजे कंबरडे मोडून घेणे.

पाळी पाळणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था १९९० च्या दशकापासून पाणी मोजून घेतात आणि मोजून वाटतात. पाण्यासारख्या भांडणाच्या गोष्टीत जे जमले, ते लोडरमध्ये का जमू नये? पाण्याला मोजमाप, तसे यंत्राला अवर मीटर. १९५०-५१ मध्ये प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला, तोही शेतकऱ्यांनी भाग गोळा केले म्हणूनच. एकट्याला साखर कारखाना परवडत नव्हता, आजही परवडत नाही.

भाड्याने घेताना चार गोष्टी आधी ठरवाव्यात: मीटरचा आकडा दोघांनी मिळून लिहावा, डिझेल कोणाचे, कमीत कमी किती तास, आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाकडे. ट्रॉल्या पुरेशा ठेवाव्यात. एकच ट्रॉली असेल तर लोडर उभा राहतो आणि मीटर पळतो. जुने यंत्र घेताना बकेट भरून उचलावी आणि वर धरून पाहावी. ती आपोआप खाली येत असेल तर हायड्रॉलिकमध्ये दोष आहे. पिना-बुश, चेनकेसचे तेल, कागदपत्रे आणि बँकेचा बोजा तपासावा. गटासाठी अवजारे बँकेच्या सरकारी योजनेत कोणते यंत्र बसते, हे तालुका कृषी कार्यालयातून आधी लेखी घ्यावे. अनुदानाच्या भरवशावर आगाऊ रक्कम देऊ नये.

एक गोष्ट जिवाची. उचललेल्या बकेटखाली, आधार लावल्याशिवाय, कोणीही जाऊ नये. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच चालावे. शेजारी पोरे खेळत असतील तर यंत्र बंद करावे.

यंत्राला आमचा विरोध नाही. मजुराच्या पाठीवरचे ओझे उतरत असेल तर यंत्र आलेच पाहिजे. फक्त ते ओझे कर्ज होऊन आपल्याच पाठीवर येऊ नये. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय जरूर काढा. ज्या गटाला हिशेब मांडायचा असेल त्यांनी आपापल्या गावच्या लागवडीचे आकडे घेऊन गट कार्यालयात यावे. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसायला तयार आहोत.

— ऊस विकास अधिकारी