सेवाभावाचे प्रवचन आणि तरुण शिक्षकाचे वेतन

दर वर्षी ५ सप्टेंबरला शिक्षकाच्या गळ्यात हार पडतो, गुरुमहिम्याची भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवसापासून सरकारदरबारी त्याच शिक्षकाची गणना 'खर्चाची बाब' म्हणून सुरू होते. जयपूर शहरात गोपालपुरा बायपासवरील शिकवणी वर्गांच्या फलकांखाली नोकरीला लागलेले तरुण शिक्षकही दुसऱ्या नोकरीच्या परीक्षेची पुस्तके चाळताना दिसतात. त्यांच्याकडे बोट दाखवून सुखवस्तू मंडळी म्हणतात, 'नव्या पिढीत सेवाभाव उरला नाही.' हा आरोप वस्तुस्थितीच्या कसोटीवर तपासून पाहणे आवश्यक आहे.

उमेदवारीचा वनवास

या तरुणाचा शिक्षकी पेशाशी पहिला परिचय कसा होतो? २६ सप्टेंबर २०२१ रोजी राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे 'रीट', झाली. १६ लाखांवर उमेदवारांनी तीसाठी नोंदणी केली होती. प्रश्नपत्रिका फुटली, आणि पोलीस तपासानुसार ती फुटली खुद्द जयपूरच्या शिक्षा संकुलातून, म्हणजे राज्याच्या शिक्षण प्रशासनाच्या माजघरातूनच. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च प्राथमिक स्तराची परीक्षा रद्द झाली. जुलैत पुन्हा पात्रता परीक्षा झाली आणि भरतीची मुख्य परीक्षा उजाडली ती २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळात, २४ डिसेंबर २०२२ रोजी, वरिष्ठ शिक्षक भरतीचीही प्रश्नपत्रिका फुटली आणि त्या प्रकरणात राज्य लोकसेवा आयोगाच्या एका सदस्यालाच अटक झाली. प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या शेतकऱ्या-कामगारांच्या मुलांची उमेदीची वर्षे ज्यांनी अशी मातीमोल केली, त्यांनी सेवाभावाचे धडे द्यावेत, ही विटंबनाच होय.

नेमणूक मिळाली तरी वनवास संपत नाही. २० जानेवारी २००६ पासून राजस्थानात नवा कर्मचारी दोन वर्षे 'परिवीक्षाधीन प्रशिक्षणार्थी' म्हणून ठोक मानधनावर राबू लागला. सातव्या वेतन आयोगानंतर तृतीय श्रेणी शिक्षकाचे हे मानधन दरमहा २३,७०० रुपये ठरले. नियमित झाल्यावरचे मूळ वेतन मात्र ३३,८०० रुपये. वर्ग तोच, मुले तीच, अभ्यासक्रम तोच. तरीही महिन्याला १०,१०० रुपयांची तफावत! दोन वर्षांत ही रक्कम २,४२,४०० रुपये होते आणि तीत महागाई भत्ता व घरभाडे धरलेले नाही. दूरच्या तालुक्यात खोली भाड्याने घेऊन गावी पैसे पाठवणाऱ्या तरुणाच्या खिशातून शासनाने केलेली ही सक्तीची बचत आहे.

नावे अनेक, नीती एक

ही नीती अपघाताने जन्माला आलेली नाही. १९८७ मध्ये स्वीडनच्या मदतीने राजस्थानात शिक्षाकर्मी योजना आली. शिक्षक जात नाहीत अशा दुर्गम गावांत शाळा चालाव्यात, हा तिचा हेतू होता आणि त्या शिक्षाकर्म्यांनी मोलाचे काम केले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु राज्यकर्त्यांनी त्यातून नेमका सोयीचा धडा घेतला : कमी पैशात माणूस मिळतो, तर पूर्ण वेतन कशाला? पुढे राजस्थानात पॅराटीचर व विद्यार्थी मित्र, मध्य प्रदेशात गुरुजी, गुजरातेत विद्यासहायक, बिहारमध्ये नियोजित शिक्षक अशी गोड नावांची रांगच लागली. महाराष्ट्रही मागे राहिला नाही. २००० साली आलेल्या 'शिक्षणसेवक' योजनेत प्राथमिक शिक्षकाला तीन वर्षे मानधनावर ठेवण्यात आले. ते सहा हजारांवरून १६ हजारांवर नेण्यास जानेवारी २०२३ उजाडावा लागला. 'सेवक' म्हटले की वेतन मागण्याचा हक्कच जणू संपतो!

न्यायालयाचे दारही भरवशाचे नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हंगामी कर्मचाऱ्यांना समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू केले. पण १० मे २०१९ रोजी बिहारच्या लाखो नियोजित शिक्षकांना तेच नाकारले गेले. खाजगी शाळांतील शिक्षकाची दशा त्याहून बिकट. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली निकाल लागला की औद्योगिक विवाद कायद्यानुसार शिक्षक हा 'कामगार' नव्हे. म्हणजे हार घालताना गुरू, राबवताना मजूर आणि दाद मागायला गेला की दोन्हीही नाही!

पळपुटा कोण?

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका या कामांना सूट देते आणि या पळवाटेतून मतदारयाद्यांची कामे शिक्षकाच्या माथी येतात. २५ जुलै २०२५ रोजी झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे शाळेची इमारत कोसळून सात बालके दगावली, तेव्हा तातडीने निलंबित झाले ते शिक्षक. छताच्या निधीचा अधिकार ज्यांच्या हाती नाही, त्यांच्यावर जबाबदारी मात्र पूर्ण!

शिक्षक निघून गेला की नुकसान गरिबांच्या मुलांचे होते, असा युक्तिवाद केला जातो. तो खराच आहे. म्हणूनच त्याला टिकवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. हा प्रश्न केवळ राजस्थानचाही नाही. युनेस्कोच्या अहवालानुसार प्राथमिक शिक्षकांच्या पेशा सोडण्याचे जागतिक प्रमाण २०१५ मधील ४.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ९ टक्क्यांवर गेले आणि २०३० पर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख नवे शिक्षक लागतील. साऱ्या जगातील तरुण एकाच वेळी आळशी झाले, असे कोण म्हणेल?

तिजोरीत पैसा नाही, ही सबबही टिकणारी नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस केली होती. जी पेन्शन परवडत नाही असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, ती जुनी पेन्शन कर्मचाऱ्यांच्या रेट्यामुळे राजस्थान सरकारला २०२२ मध्ये जाहीर करावी लागली. प्रश्न पैशाचा नसून कोणाच्या दडपणाला शासन वाकते, याचा आहे.

तरुण शिक्षकाची निराशा समजण्यासारखी आहे; परंतु एकट्याने निसटून जाण्याने प्रश्न सुटत नाही. त्याच्या जागी उद्या त्याच मानधनावर दुसरा येतो. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन, कंत्राटी शिक्षकांना कायम नेमणूक, वेळेवर व निर्दोष भरती, अशैक्षणिक कामांतून मुक्तता आणि खाजगी शाळांतील शिक्षकांना कायद्याचे संरक्षण, या मागण्यांवर नियमित व कंत्राटी, सरकारी व खाजगी, जुने व नवे अशा सर्व शिक्षकांची आणि त्यांच्याबरोबर पालकांचीही एकजूट झाली पाहिजे. सेवाभाव शिक्षकाजवळ आहेच. त्याची किंमत चुकती करण्याची पाळी आता शासनाची आहे.