चिन्ह नसले तरी भूमिका हवी



ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचे चिन्ह नसते. कपबशी, छत्री, पतंग यांवर शिक्के पडतात, बटणे दाबली जातात. निकाल लागला की मात्र प्रत्येक पक्ष 'इतक्या ग्रामपंचायती आमच्या' म्हणून गुलाल उधळतो. 'मी कोणाचाच नाही, गावाचा' म्हणणारा उमेदवार दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी गाडीत दिसतो.

अमेरिकेत सिॲटल शहराच्या नगर परिषदेची निवडणूक अशीच बिनपक्षाची. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नाही. २०१३ साली तेथे क्षमा सावंत उभ्या राहिल्या. जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत, पेशा अर्थशास्त्र शिकवण्याचा. समोर चार वेळा निवडून आलेले रिचर्ड कॉनलिन.

बाईंनी 'सर्वांचा विकास' असले गुळमुळीत काही सांगितले नाही. मी समाजवादी आहे, हे उघड सांगितले आणि एक मागणी पुढे ठेवली: मजुरी तासाला किमान १५ डॉलर. तेव्हा राज्याची किमान मजुरी ९ डॉलर १९ सेंट होती. निवडून आल्यास पगारातले वर्षाला ४० हजार डॉलरच घेईन, बाकीचे चळवळीला देईन, हेही सांगितले. मोजणीच्या पहिल्या रात्री त्या मागे होत्या. टपालाची मते मोजता मोजता पुढे गेल्या. जून २०१४ मध्ये परिषदेने १५ डॉलरचा ठराव टप्प्याटप्प्याने लागू करण्यासाठी एकमताने मंजूर केला.

हे अर्थशास्त्र आम्हाला पटते का? नाही. सरकारने दर ठरवण्याचे फळ काय असते, हे शेतकऱ्याइतके कोणी भोगलेले नाही. पण उमेदवार कोठे उभा आहे, हे मत देण्याआधी कळले, ही गोष्ट मोलाची. विरोध करणाऱ्यालाही कशाला विरोध करायचा ते समजले. २०१९ साली ॲमेझॉन कंपनीने व्यापारी मंडळाच्या निवडणूक निधीत सुमारे १५ लाख डॉलर ओतले, तरी बाई निवडून आल्या. २०२१ साली त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले, त्यातून त्या तीनशेच्या आसपास मतांनी वाचल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर सिॲटल ठरले. तो ठराव त्यांचाच. त्या वर्षी त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

आपल्या गावात उमेदवार दाराशी आला की चहा जरूर द्यावा, पण तीन प्रश्न विचारावेत. पंचायतीत पहिला ठराव कोणता मांडणार? प्रचाराचा खर्च कोण करतो? आणि पंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवणार की नाही? उत्तरे चार माणसांसमोर कागदावर घ्यावीत.

'मी सगळ्यांचा' म्हणणारा नेमका कोणाचा, हे निकालानंतर कळतेच. तेव्हा कळून उपयोग नसतो.