श्रेयांकांचा हिशेब

अमुक एक जण अमेरिकेत शिकतो असे कानावर आले की आपल्या नजरेसमोर वेलींनी मढलेल्या भिंतींचे एखादे जुने विद्यापीठ उभे राहते. त्या देशात पदवीची आस धरणाऱ्यांतला फार मोठा वर्ग प्रथम घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घालतो, हे आपल्या गावीही नसते. दिवसा दुकानात राबून संध्याकाळी वर्गात बसणारा तरुण, मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणारी आई, ज्याच्या घरात यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही असा मुलगा, अशांची ही कॉलेजे. दोन वर्षे इथे अल्प शुल्कात शिकावे, उरलेली दोन चार वर्षांच्या विद्यापीठात पुरी करावीत, अशी ही योजना. कागदावर ती सरळ दिसते. प्रत्यक्षात या दोन टप्प्यांच्या मध्ये एक जकातनाका आहे, आणि आम्हांस लिहावयाचे आहे ते त्याच्याविषयी.

या योजनेचा उगम विद्यापीठांच्याच दारी आहे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये जोलिएट येथे पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. पुढे १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने आपला प्रसिद्ध 'मास्टर प्लॅन' स्वीकारला. शालान्त विद्यार्थ्यांतील वरच्या एक-अष्टमांशाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांशाला राज्य महाविद्यालये, आणि ज्याला शिकायचे आहे अशा प्रत्येकाला ज्युनिअर कॉलेज, अशी ती वाटणी होती. क्लार्क कर हे या योजनेचे प्रमुख शिल्पकार. वाटणी उतरंडीची होती खरी, परंतु तिला न्याय्य ठरवणारी एक अट तीत होती. विद्यापीठांनी पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी मर्यादित ठेवून वरच्या वर्गांत जागा मोकळ्या राखाव्यात, असे ठरले. मागाहून येणाऱ्यासाठी पंगतीत पान मांडून ठेवावे, तसेच हे.

योगायोग असा, की त्याच १९६० साली समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून त्यांनी दाखवले, की दार सर्वांना उघडे ठेवणारी व्यवस्था सर्वांच्याच आकांक्षा पुऱ्या करू शकत नाही. मग ती कोणालाही तोंडावर 'नाही' न म्हणता, चाचण्या आणि समुपदेशन यांच्या साह्याने, विद्यार्थ्याचा उत्साह हळूहळू थंड करते. विद्यार्थी वाट बदलतो, आणि दोष आपलाच होता असे मानतो. एकाच वर्षी एकाने आश्वासन लिहिले आणि दुसऱ्याने ते कसे विरते हे लिहिले.

आमच्या मते आज हे थंड करण्याचे काम समुपदेशकापेक्षा श्रेयांकांचा हिशेबच अधिक करतो. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज मांडला, की २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ४३ टक्के श्रेयांक गमावले. संस्थांच्या प्रकारानुसार हे प्रमाण कमीअधिक आहे. तरीही आकडा विचारात पाडणारा आहे. शिवाय श्रेयांक 'स्वीकारला जाणे' आणि पदवीच्या मुख्य विषयात 'धरला जाणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत. कॉलेजात उत्तीर्ण केलेले संख्याशास्त्र विद्यापीठ स्वीकारते, पण ऐच्छिक विषयांच्या रकान्यात टाकते, आणि विद्यार्थी तेच संख्याशास्त्र पुन्हा शुल्क भरून शिकतो. कोणते विद्यापीठ प्रवेश देईल हे आधी ठाऊक नसल्याने त्याला एकाच वेळी तीन-चार विद्यापीठांच्या निरनिराळ्या अटी सांभाळाव्या लागतात. ज्याच्याजवळ वेळ सर्वांत कमी, त्याच्याकडूनच ही जकात वेळेच्या रूपात वसूल होते.

विद्यापीठांची बाजू आम्ही नाकारीत नाही. अभ्यासक्रमाचा दर्जा पारखण्याचा अधिकार अध्यापकांचाच असावयास हवा. परंतु कम्युनिटी कॉलेजातून आलेल्यांना पुढचे झेपत नाही, ही शंका अनुभवाने पुसली गेली आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात त्यांचे पदवी मिळवण्याचे प्रमाण थेट प्रवेश घेतलेल्यांच्या तोडीचे आहे. फ्लोरिडाने १९७०च्या दशकापासून समान अभ्यासक्रमांना समान क्रमांक देण्याची पद्धत चालवली. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये ट्रान्स्फरसाठी खास सहपदवी निर्माण केली. ती घेणाऱ्यास राज्य विद्यापीठ व्यवस्थेत कुठेतरी जागा मिळण्याची हमी आहे, मात्र हव्या त्या आवारातली नाही. कम्युनिटी कॉलेजांना समान क्रमांकांचे बंधन घालणारा कायदा तिथे २०२१ मध्ये झाला. यंत्रणा उभारता येते. उणीव आहे ती निकडीची.

हा विषय आपल्याला परका मानण्याचे कारण नाही. दहावीनंतर तीन वर्षे पदविका करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला बसणारी मुले महाराष्ट्रात घरोघरी आहेत. तीन वर्षांच्या शिक्षणाची वजावट एका वर्षाने होते, हे आपण निमूटपणे मान्य केले आहे. २०२१ पासून आपल्याकडे श्रेयांकांची बँकही आली आहे. परंतु बँकेत रक्कम जमा होणे निराळे आणि ती पेढीवर वटणे निराळे. वटवणारा हात अखेर प्रवेश देणाऱ्या संस्थेचाच राहणार.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की सिद्ध करण्याचा भार उलटा करावा. आज विद्यार्थी आपल्या शिक्षणाची पावती घेऊन खिडकी-खिडकीशी उभा राहतो. त्याऐवजी उत्तीर्ण केलेला प्रत्येक विषय मुख्य विषयात धरला जाईल असे मानावे, आणि जी संस्था तो नाकारील तिने कारण लेखी द्यावे, तेही विद्यार्थ्याने नाव घालण्यापूर्वी. पान मांडले आहे असे सांगून बोलावलेल्याला दारात ताटकळत ठेवणे कोणत्याही संस्कृतीत शोभत नाही.